कीटक खाण्याची शिसारी येते कुठून?

सुका जवळा कांद्यावर परतून, वर कोकम टाकून कोकणात आणि गोव्यात लोक चवीने खातात. डोकं, डोळे, पाय, मिशा, सगळ्यासकट. प्राणिशास्त्राच्या हिशेबाने जवळा, कोळंबी, खेकडा आणि शेवंड हे संधिपाद प्राणी आहेत. नाकतोडा आणि रातकिडाही संधिपादच. बाहेरून कवच, पायांना सांधे, आत मऊ गर. जनुकांच्या अभ्यासातून तर असं दिसलं आहे की कीटक म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्याच मोठ्या कुळातून जमिनीवर आलेली एक शाखा आहे. तरीही परतलेला जवळा पुढे आला की तोंडाला पाणी सुटतं, आणि तसेच परतलेले नाकतोडे पुढे आले की पोटात ढवळतं. एक घासही तोंडात गेलेला नसतो, पण निकाल लागलेला असतो.

हा निकाल कसा लागतो, यावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत भरपूर संशोधन झालं. त्याला निमित्त झालं ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या २०१३ सालच्या अहवालाचं. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ आर्नोल्ड फान हाउस त्याचे मुख्य लेखक होते. अहवालाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: जगाची लोकसंख्या वाढतेय, मांसाची मागणी वाढतेय, आणि जमीन व पाणी काही वाढणार नाही. कीटक थंड रक्ताचे असतात, अंग गरम ठेवायला त्यांना अन्न जाळावं लागत नाही, म्हणून खाल्लेल्यातला मोठा भाग त्यांच्या वाढीला लागतो. तितकीच प्रथिनं मिळवण्यासाठी रातकिड्याला गुरांच्या एक-बारांश आणि कोंबडीच्या साधारण निम्मं खाद्य पुरतं.

या अहवालातली दोन वाक्यं जगभर गाजली. एक, माणसं कीटकांच्या १९०० हून अधिक जाती खातात. दुसरं, जगातले किमान दोन अब्ज लोक कीटक खातात. पहिलं वाक्य टिकलं, उलट यादी पुढे वाढून २१०० च्या वर गेली. दुसऱ्याच्या पायात मात्र दम नव्हता. २०२२ साली खुद्द फान हाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच त्या आकड्यावर प्रश्नचिन्ह लावलं. कीटक खाण्याची परंपरा असलेल्या प्रदेशात राहणारा प्रत्येक माणूस ते खातो, असं गृहीत धरता येत नाही. बातम्यांमध्ये हा आकडा आजही फिरतो, म्हणून इथे मुद्दाम सांगितलं.

शेतीच्या हिशेबालाही एक पुरवणी जोडायला हवी. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१५ साली रातकिडे वेगवेगळ्या खाद्यावर वाढवून पाहिले. कोंबडीच्या दर्जाचं धान्य दिलं तर रातकिडे वाढले, पण प्रथिनांच्या बाबतीत कोंबडीपेक्षा फारसे सरस ठरले नाहीत. हलक्या प्रतीच्या टाकाऊ पदार्थांवर तर बहुतेक मेलेच. म्हणजे कीटकांना काय खायला घालता यावर सगळं गणित अवलंबून आहे. गोमांसाशी तुलना केली तर फायदा मोठा, कोंबडीशी केली तर बेताचा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फायदे सांगितले, आकडे दाखवले, तरी लोक खात का नाहीत?

झुरळ आणि सरबत

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी किळस या भावनेवर आयुष्यभर काम केलं. १९८६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक प्रयोग आजही उद्धृत होतो. लोकांसमोर फळांच्या रसाचा पेला ठेवला. त्यात एक मेलेलं, पूर्ण निर्जंतुक केलेलं झुरळ क्षणभर बुडवून काढलं. रस प्यायला धोका शून्य होता, आणि तसं लोकांना सांगितलंही होतं. तरी लोकांना तो रस नकोसा झाला. याच प्रयोगमालेत चॉकलेटची मिठाई कुत्र्याच्या विष्ठेच्या आकारात दिली, तेव्हाही तेच झालं. मिठाई आहे हे डोळ्यांदेखत माहीत असूनही हात पुढे होईना.

रोझिन यांनी यातून जे मांडलं ते समजून घेण्यासारखं आहे. माणूस अन्न नाकारतो त्याची कारणं वेगवेगळी असतात. कारलं नको वाटतं ते चवीमुळे. विषारी अळंबी नको असते ती धोक्यामुळे. पण काही गोष्टी आपण नाकारतो त्या निव्वळ ‘ही वस्तू काय आहे आणि कुठून आली’ या जाणिवेने. तिथे चव आणि धोका दोन्ही गैरलागू ठरतात. अशी वस्तू नुसती शेजारच्या अन्नाला लागली तरी ते अन्न बाटतं, आणि धुऊन, उकळून, तपासणीचा दाखला दाखवूनही ते शुद्ध होत नाही. विटाळ कशाला म्हणतात हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या समाजाने हेच तर्कशास्त्र शतकानुशतकं पाण्याला आणि माणसांना लावलेलं आहे.

ही किळस जन्मासोबत येत नाही. रांगणारं मूल जमिनीवर सापडेल ते तोंडात घालतं, मुंगीसुद्धा. घरातलं मोठं माणूस ‘शी!’ म्हणून तोंड वाकडं करतं, बोट घालून ती मुंगी बाहेर काढतं, आणि पोर त्या चेहऱ्याकडे बघून शिकतं. तीन-चार वर्षांचं होईपर्यंत यादी बऱ्यापैकी तयार झालेली असते. शहरात वाढलेल्या बहुतेकांच्या यादीत किडा म्हणजे सडकं, मेलेलं, उकिरड्यावरचं. घरात तो दिसतो तो तांदळात, पिठात नाहीतर कचऱ्याच्या डब्यात. स्वयंपाकघरात त्याच्याशी गाठ पडते ती नेहमी बिघडलेल्या अन्नाच्या रूपात, त्यामुळे तो कधीकाळी अन्न असू शकतो हा विचार मनात यायला जागाच उरत नाही.

आणि तरीही कीटक आपल्या पोटात जातातच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शेंगदाण्याच्या लोण्यात १०० ग्रॅममागे सरासरी ३० पेक्षा कमी आणि गव्हाच्या ५० ग्रॅम पिठात सरासरी ७५ पेक्षा कमी कीटक-तुकडे चालवून घेतले आहेत, कारण शेतमालातून ते पूर्णपणे काढणं कुणालाच शक्य नाही. चॉकलेटच्या गोळ्यांवर आणि औषधांवर चकाकी येते ती लाखेच्या लेपाने. लाख हा एका किड्याचाच स्राव. उंबर खाणारा त्यातली चिलटं फुंकून टाकतो, पण सगळी थोडीच उडून जातात? डोळ्याला दिसत नाही तोवर मनाची हरकत नसते.

सर्वेक्षणात काय दिसलं

नवं अन्न चाखायला कोण किती बिचकतं हे मोजण्यासाठी कॅनडातल्या दोन संशोधकांनी १९९२ साली १० विधानांची एक प्रश्नावली तयार केली. ‘ओळखीचं नसेल ते मी खात नाही’ अशा धर्तीची विधानं, आणि आपण त्यांच्याशी किती सहमत ते सांगायचं. कीटक खाण्यावरच्या बऱ्याच अभ्यासांत ही प्रश्नावली वापरतात, आणि कोण नकार देईल याचा अंदाज तिच्यावरून बराच बरोबर येतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या बेल्जियममधल्या एका पाहणीत साधारण पाचातला एक जण मांसाऐवजी कीटक खायला तयार असल्याचं म्हणाला. त्यात पुरुष जास्त, तरुण जास्त, आणि मांस कमी करण्याचं आधीपासून मनात असलेले जास्त.

‘तयार आहे’ असं कागदावर लिहिणं आणि दर आठवड्याला पिशवीत घालून घरी आणणं यात मात्र फार अंतर आहे. जत्रेत मित्रांच्या पैजेवर तळलेला विंचू खाणारे शेकडो सापडतील. त्यातला कुणी तो सोमवारी डब्यात नेत नाही. नेदरलँड्समध्ये एका सुपरमार्केटने कीटक घातलेले बर्गर आणि नगेट विकायला ठेवले होते. ते स्वतःहून विकत घेतलेल्या ग्राहकांशी एका समाजशास्त्रज्ञाने सविस्तर बोलून २०१६ साली निष्कर्ष मांडले. या लोकांना किळस अडवत नव्हती, ती त्यांनी ओलांडलेली होती. तरी बहुतेकांनी ते पुन्हा नियमित घेतलं नाही. कारणं साधी होती: महाग, चव बेताची, दुकानात दर वेळी मिळत नाही, आणि रोजच्या जेवणात कुठे बसवायचं ते कळत नाही. मला या सगळ्या संशोधनातला हा सर्वांत उपयोगी अभ्यास वाटतो, कारण तो ‘लोक किळसतात’ या एका उत्तरावर थांबत नाही.

किमतीचा मुद्दा लहान नाही. फिनलंडच्या फात्सर बेकरीने २०१७ साली रातकिड्यांच्या पिठाचा पाव काढला. एका पावात सुमारे ७० रातकिडे, किंमत जवळपास ४ युरो. साधा पाव २ ते ३ युरोला मिळत होता. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये मीलवर्म नावाच्या अळीचे बर्गर दुकानात आले, दोन टिक्क्यांना सुमारे ९ फ्रँक. गरीब जगाचं पोट भरणारं अन्न म्हणून ज्याची ओळख करून दिली, ते बाजारात आलं ते हौशी श्रीमंतांच्या दरात.

शब्दांनी काय फरक पडतो, यावरही एक छान प्रयोग झाला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लोकांना मीलवर्म घातलेलं चॉकलेट चाखायला बोलावलं. काहींना जाहिरात दाखवली ‘पर्यावरणासाठी चांगलं’ किंवा ‘तब्येतीला चांगलं’ अशी, काहींना ‘खमंग, चविष्ट, सध्या सगळे खातात’ अशी. पर्यावरण-तब्येतवाल्यांपैकी ६२ टक्क्यांच्या आसपास लोकांनी चॉकलेट खाल्लं, चववाल्यांपैकी ७६ टक्क्यांच्या आसपास. असं का व्हावं? ‘पृथ्वीसाठी खा’ म्हटलं की ऐकणाऱ्याला आपोआप वाटतं, चवीला काही खास नसणार, म्हणूनच एवढं समजावताहेत. लहानपणी ‘खा, चांगलं असतं’ म्हणून ताटात वाढलेल्या प्रत्येक भाजीचा अनुभव या संशयामागे उभा असतो.

जोर-जबरदस्तीचा संशय त्याहून वाईट. युरोपीय संघाने २०२१ साली मीलवर्मला अन्न म्हणून मान्यता दिली, मग टोळ, २०२२ मध्ये रातकिडा, आणि २०२३ च्या सुरुवातीला रातकिड्याची बारीक पूड व आणखी एक अळी. प्रत्येक पाकिटावर कीटकाचं नाव आणि ॲलर्जीची सूचना छापणं बंधनकारक होतं. तरी ‘आता पावाच्या पिठात गुपचूप किडे मिसळणार’ अशी अफवा अनेक देशांत वणव्यासारखी पसरली. इटलीच्या सरकारने २०२३ मध्ये अशा पदार्थांसाठी वेगळी लेबलं आणि दुकानात वेगळ्या फळ्या ठेवण्याचे आदेश जाहीर केले, आणि पास्ता-पिझ्झाच्या पिठात कीटक नकोत अशी भूमिका घेतली. माणूस आपल्या रोजच्या भाकरीबद्दल हळवा असतो. त्या हळवेपणाला अडाणीपणा म्हणून निकालात काढणाऱ्या तज्ज्ञांशी मी सहमत नाही. ताटात काय पडतं ते ठरवण्याचा हक्क आपल्या हातून जातोय असं वाटलं की कुणीही चिडेल.

खाणाऱ्यांनाही सगळे किडे चालत नाहीत

न खाणाऱ्यांचा एक गोड गैरसमज असा की जे लोक कीटक खातात ते कुठलाही किडा उचलून तोंडात टाकतात. झुरिकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये जर्मनी आणि चीनमधल्या ग्राहकांची तुलना केली. जर्मन लोकांना अख्खा रेशीमकिडा किंवा रातकिडा नको होता, पीठ करून बिस्किटात घातला तर थोडी तयारी होती. चिनी लोकांना अख्खा काय किंवा पिठाचा काय, फरक पडत नव्हता. त्याच वर्षी थायलंड आणि नेदरलँड्सच्या लोकांशी केलेल्या चर्चांतून आणखी बारकावा समोर आला. थाई माणसं बांबूतली अळी, रातकिडे, टोळ आनंदाने खातात, पण मीलवर्म पाहून त्यांनी नाकं मुरडली. त्यांच्या लेखी ती कुजक्या वस्तूत वळवळणारी अळी होती. म्हणजे किळस दोन्हीकडे आहे, फक्त सीमारेषा वेगळ्या जागी आखलेली आहे. आपल्याकडेही बोंबील आवडीने खाणारा माणूस बेडकाचं नाव काढलं की तोंड फिरवतो.

थायलंडची गोष्ट थोडी सविस्तर सांगावी अशी आहे, कारण तिथे दृष्टिकोन बदलताना दिसतो. कीटक हे तिथल्या ईशान्येकडच्या इसान प्रदेशाचं अन्न, आणि इसान म्हणजे गरीब शेतकऱ्यांचा मुलूख. तिथली माणसं कामासाठी बँकॉकला गेली आणि आपली चव सोबत घेऊन गेली. रस्त्यावरच्या गाड्यांवर तळलेले रातकिडे मीठ-मिरी लावून मिळू लागले, संध्याकाळी बिअरसोबत चघळायला. मागणी वाढली तशी १९९८ च्या सुमारास खोन केन विद्यापीठाने रातकिडे पाळण्याची सोपी पद्धत शेतकऱ्यांना शिकवली. २०१३ पर्यंत देशात सुमारे २०,००० रातकिडा-पालक होते आणि वर्षाला ७,५०० टन उत्पादन निघत होतं. यात प्रथिनांचं भाषण कुणीच दिलं नव्हतं. पदार्थ आधीपासून होता, तो कसा करायचा हे ठाऊक होतं, स्वस्त होता आणि कुरकुरीत होता. युरोपातल्या कंपन्यांनी नेमकं उलट केलं: आधी कारखाना, मग पीठ, आणि शेवटी त्या पिठाचं करायचं काय याचा शोध.

मेक्सिकोतल्या ओआखाकामध्ये लिंबू, लसूण, मिरची लावून भाजलेले नाकतोडे बाजारात ढिगाने मांडलेले असतात. झिंबाब्वे, बोट्स्वाना, दक्षिण आफ्रिकेत मोपाने झाडावरच्या जाड अळ्या वाळवून वर्षभरासाठी साठवतात. जपानच्या नागानो भागात भातखाचरातले टोळ सोया सॉस आणि साखरेत शिजवतात. आणि आपला देश यात मागे नाही. भारतात अडीचशेहून अधिक जातींचे कीटक खाल्ले जातात, बहुतांश ईशान्येत. अरुणाचलमधल्या न्यिशी आणि गालो या दोन जमातींच्याच आहारात किमान ८१ जातींची नोंद झाली आहे. आसाममध्ये एरी रेशमाचे किडे पाळतात ते धाग्यासाठी जितके, तितकेच कोषातल्या किड्यासाठी. नागालँडच्या बाजारात गांधीलमाशीच्या अळ्या अनेकदा कोंबडीपेक्षा महाग विकल्या जातात. तिथे ते गरिबाचं अन्न नाही, पाहुण्याला वाढायचं अन्न आहे.

ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला, म्हणजे सिमिलीपाल काई चटणीला, जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. झाडाची हिरवी पानं शिवून घरटं करणाऱ्या मुंग्या आणि त्यांची अंडी, त्यात मीठ, मिरची, लसूण, आलं. मुंगीच्या अंगातल्या फॉर्मिक आम्लामुळे तिला लिंबासारखा आंबटपणा येतो. हीच चटणी बस्तरमध्ये चापडा म्हणून खातात, आणि बस्तरला लागून असलेल्या आपल्या गडचिरोलीत माडिया गोंडांच्या घरीही मुंग्यांची चटणी वाटली जाते. कोपनहेगनच्या नोमा या जगप्रसिद्ध रेस्टॉरंटने मुंग्या ताटात ठेवल्या तेव्हा जगाने त्याला प्रतिभा म्हटलं. भामरागडच्या मुलाने शाळेत हीच चव सांगितली तर वर्गाची प्रतिक्रिया काय होईल ते वाचकाने स्वतःच ठरवावं.

मला या विषयात सर्वांत जास्त टोचतं ते हेच. किळस फक्त पदार्थापुरती राहत नाही, ती खाणाऱ्याला चिकटते. झुरळ बुडवलेल्या रसाचंच तर्कशास्त्र माणसाला लागू होतं. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षेच्या सूचनांची पुस्तिका काढली. तिच्यात बांबूचे कोंब, अखुनी आणि इतर ‘वासाचे’ पदार्थ शेजारपाजाऱ्यांना त्रास न होता करावेत, असंही लिहिलेलं होतं. तिथे तर किडा नव्हताच, आंबवलेलं सोयाबीन होतं. असं वारंवार ऐकलेली पिढी आपल्या आजीचे पदार्थ चारचौघांत नाकारते, मग घरातही करेनाशी होते. आहारातली चांगल्या प्रतीची प्रथिनं, लोह आणि झिंक जातात, आणि त्यांच्या जागी बिस्किटांचे पुडे येतात.

खाऊन बघायचंच असेल तर

ज्यांना कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं, त्यांनी कीटकांपासून लांबच राहावं. कोळंबीत जे प्रथिन ॲलर्जी घडवतं, त्याचाच भाऊबंद कीटकांत असतो. शेतातून पकडलेले नाकतोडे किंवा टोळ खाऊ नयेत, विशेषतः फवारणी होणाऱ्या भागातले. २०२० मध्ये विदर्भात टोळधाड आली तेव्हा तिच्यावर औषधच मारलं होतं. पाकिटावर छापलेला प्रथिनांचा आकडाही जरा सांभाळून वाचावा. तो नायट्रोजन मोजून काढतात, आणि कीटकांच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, त्यामुळे तो फुगू शकतो.

भारतीय लेबलिंग नियमांनुसार कीटक असलेला पदार्थ मांसाहारीच धरला जातो, म्हणजे चौकटीतला तपकिरी त्रिकोण. मध आणि लाख यांना मात्र त्यातून वगळलं आहे. शाकाहारी वाचकांचा नकार तर मुळात किळसेचा नाहीच. जैन घरात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत ते नकळत जीव पोटात जाऊ नये म्हणून. एका किलोसाठी हजारो जीव मारायचे, आणि त्यांना वेदना होतात का याचं पक्कं उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. हा आक्षेप पोषणाच्या कुठल्याही तक्त्याने खोडून निघत नाही. याउलट इस्लामला टोळ मान्य आहे, आणि ज्यू धर्मग्रंथांतही टोळांच्या काही जाती खाण्यायोग्य सांगितल्या आहेत. धर्मांनी ओढलेल्या रेषाही एकाच जागी नाहीत.

मोठा व्यवसाय सध्या वळला आहे तो जनावरांच्या खाद्याकडे. युरोपीय संघाने कीटकांची प्रथिनं २०१७ मध्ये मत्स्यशेतीला आणि २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांना द्यायला परवानगी दिली. ग्राहकांची इथे फारशी हरकत दिसत नाही, आणि आपल्याला त्याचं नवल वाटू नये. परसात किडे वेचत फिरणाऱ्या गावरान कोंबडीच्या अंड्याला आपण जास्तच पैसे मोजतो.

आजवरच्या पाहण्यांत बहुतेक वेळा प्रश्न विचारला गेला तो न खाणाऱ्यांना: तुम्ही खाल का? खाणाऱ्यांना विचारलं तर वेगळीच चिंता ऐकू येते. दक्षिण आफ्रिकेच्या काही भागांत मोपाने अळ्या इतक्या ओरबाडल्या जातात की पुढच्या हंगामाला पुरेशा उरत नाहीत, कारण शहरांतून मागणी आणि भाव दोन्ही वाढले. लाल मुंग्यांना घरटं करायला हिरव्या पानांची झाडं लागतात, आणि अशी झाडं असलेलं जंगल खाणींच्या आणि रस्त्यांच्या वाटेत येतं. गडचिरोली काय किंवा मयूरभंज काय, चटणी टिकायची तर आधी ते झाड उभं राहायला हवं.